मुले, फुले आणि माझी एक चूक



श्रावणापासून दर रविवारी सकाळी आपल्या मंडळाच्या ओसरीवर दहाबारा मुले जमतात आणि कागद, फडकी, वाट्या यांचा पसारा मांडून बसतात. त्याविषयी मी चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी भाषणे करणारी बाई नव्हे. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा जे जसे घडले तसे सांगते. त्यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे. ती लपवीत नाही.

पहिल्या रविवारी मी मुलांना जास्वंदीचे चित्र काढायला सांगितले. सगळ्यांनी एकच चित्र काढले. मध्ये गोल, भोवती पाच पाकळ्या, देठाला दोन पाने आणि कोपऱ्यात हसणारा सूर्य. शेजारी कुंपणावर जास्वंद फुललेली होती, पण एकानेही मान वळवून तिच्याकडे पाहिले नाही. हसू नका भगिनींनो, आपण रांगोळीत वर्षानुवर्षे हेच करीत आलो आहोत.

मग मी एकेकाच्या हातात फूल दिले. मधल्या तुऱ्याला बोट लावताच पिवळी पूड बोटाला चिकटली. तुऱ्याच्या टोकाशी पाच लाल ठिपके दिसले. एक पोर ओरडली, "काकू, हिने जीभ बाहेर काढलीय!" त्यानंतर काढलेली बारा चित्रे बारा तऱ्हांची झाली. त्यातली निम्मी ओळखू येत नव्हती, पण ती फुलाकडे पाहून काढलेली होती.

पुढच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधून वास ओळखायचा खेळ केला. वाट्यांतून निशिगंध, झेंडूचे पान, तुळशीची मंजिरी आणि घरात जपून ठेवलेली वाळकी बकुळ ठेवली होती. नाव सांगायचे नाही, वास कशाचा वाटतो एवढेच सांगायचे, असे ठरले. निशिगंधाला एकजण म्हणाला, "लग्नाच्या मांडवाचा वास." झेंडूला "दसऱ्याचा." बकुळीला एक मुलगी म्हणाली, "आजीच्या पेटीचा." तिची आजी मागल्याच वर्षी गेली. तिची आई दारात उभी होती, ती पदराने डोळे टिपत आत निघून गेली.

नाव सांगायचे नाही, हे मी मुद्दाम ठरवले होते. हल्ली मोबाईल फुलासमोर धरला की नाव कळते म्हणतात, आणि ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण नाव कळले की मुलाचे पाहणे तिथेच थांबते. आपल्या साताऱ्याला कासचे पठार किती जवळ! २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आले. तिथे आपली मुले जातात, फोटो काढतात आणि परत येतात. पण तेरड्याची फुगलेली शेंग बोटाने नुसती हलकेच दाबली की फटकन फुटते आणि बी उडते, हे त्या बारांपैकी दोघांनाच ठाऊक होते. गौरीच्या दिवसांत आपण घरी आणतो तोच हा तेरडा. त्या दिवशी ओसरीभर बी उडाले आणि झाडलोट मलाच करावी लागली!

आता चुकीकडे वळते. तिसऱ्या रविवारी मी मुलांना जास्वंदीचे बूड चोखायला दिले. त्यात गोड रस असतो, आपणही लहानपणी तो चोखलेला आहे. मुले खूश झाली. मी कागद आणायला आत वळले, तेवढ्यात सर्वांत लहान मुलाने कुंपणावरचे कण्हेरीचे फूल तोंडात घातले. मला पाहताच त्याने ते थुंकले. पण माझ्या हातापायांतले बळच गेले. त्याच्या चुळा भरवल्या आणि त्याला उचलून दवाखान्यात पळत सुटले. डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. पोटात काही गेले नव्हते, देवाची कृपा. ते म्हणाले, कण्हेरीचे पान, फूल, मूळ सगळेच विषारी. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. दोन्हींचे विष हृदयावर चालते.

त्या मुलाची आई मला म्हणाली, "वहिनी, तुमच्यावर भरवसा ठेवून पोर धाडले होते." पुढे पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचे काय चुकले? कण्हेर देवाला वाहायचे फूल, रोज हाताळायचे. ते विषारी असते हे मी ऐकून होते. पण 'चाखून पाहा' असे मुलांना म्हणताना माझ्या ध्यानात आले नाही.

वर्ग बंद करावा असे काहींचे मत पडले. मलाही दोन रात्री तसेच वाटले. पण कुंपण तर तिथेच राहणार होते आणि मुलेही तिथेच खेळणार होती. मग नियम केला. डोळे, नाक, कान, बोटे वाटेल तितकी वापरा, पण जीभ फक्त माझ्या हातचे असेल तरच लावायची. जे झाड मोडले की पांढरा चीक येतो, ते तोंडाजवळही न्यायचे नाही. चवीसाठी मी हादग्याच्या फुलांची भाजी करून नेली. आतला कडू दांडा प्रत्येक फुलातून मुलांनीच काढला. आणि झाडावरचे तोडायचे नाही, पडलेले उचलायचे. (हा नियम पहाटे दुसऱ्याच्या कुंपणात हात घालणाऱ्या आपल्या भगिनींनाही लागू करावा असे मी सुचवते.)

रंग आम्ही विकत आणले नाहीत. प्राजक्ताचे केशरी देठ सावलीत वाळवून उकळले आणि त्यात पांढरे फडके भिजवून पिवळे केले. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबू पिळले की तो गुलाबी होतो आणि खाण्याचा सोडा लावला की हिरवट. मुलांना ही जादू वाटली. मी म्हटले, हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्याचीच ही बहीण.

आमच्यात एक मुलगा आहे. फुलांचा चिंधडा करणारा म्हणून त्याला घरीदारी बोलणी बसतात. दसऱ्याला त्याने झेंडू उसकटला तेव्हा मीही रागावले. तो म्हणाला, "काकू, प्रत्येक पाकळीला खाली वेगळी शेपटी आहे." पाहिले तर खरेच! झेंडू हे एक फूल नव्हेच; शेकडो लहान फुले एका वाटीत दाटीने बसलेली असतात आणि ती शेपटी म्हणजे ज्याचे त्याचे बी. शेवंतीचे आणि सूर्यफुलाचेही तसेच. पंचवीस वर्षे मी वाळका झेंडू कुसकरून पेरते आहे, पण इतके बी एका फुलात आले कुठून, हे कधी मनात आले नाही. त्या मुलाने त्याचे चित्र काढले, कागदभर नुसत्या शेपट्या. ते आत भिंतीवर लावले आहे.

कण्हेरीचा तो लहानगाही दसऱ्यापासून पुन्हा येऊ लागला आहे. त्याची आई ओसरीच्या पायरीवर बसून असते आणि माझ्या हातांवर नजर ठेवते. ठेवू दे.

झेंडूच्या बियांच्या पुड्या मुलांनी बांधून दाराशी टोपलीत ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा आणि मृगाचा पाऊस झाला की पेरा. फक्त कण्हेरीच्या शेजारी नको.