कथाकार जेव्हा नियतकालिक काढतो



या कथासंमेलनाचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. अध्यक्षानं मराठी कथेचा धावता आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आज बाजूला ठेवते. बोलणार आहे ते केनियाच्या एका कथाकाराबद्दल. कथा लिहिली, आता ती छापायची कुठे, हा प्रश्न त्याच्यापुढेही होता. त्यानं तो फक्त स्वतःपुरता सोडवला नाही.

बिन्यावांगा वाइनाइनाचा जन्म १९७१चा, नाकुरूचा. वडील केनियाचे, आई युगांडाची. आईचं गावात केशभूषेचं दुकान होतं. मुलगा वाणिज्य शिकायला दक्षिण आफ्रिकेत गेला, पण त्या शिक्षणात त्याचं मन रमलं नाही. मग केपटाऊनमध्ये त्यानं खानपानाचा व्यवसाय केला, आफ्रिकी पाककृती गोळा केल्या आणि सोबत लिहीत राहिला.

त्याची ‘डिस्कव्हरिंग होम’ ही कथा एका इंटरनेट नियतकालिकात आली. ती त्यानं आफ्रिकी लघुकथेसाठीच्या केन पुरस्काराला पाठवली, तेव्हा छापील नाही म्हणून आधी नकार आला. तो गप्प बसला नाही. आफ्रिकेत कथा छापणारे आहेत किती, असं त्यानं उलट विचारलं. अखेर कथा स्वीकारली गेली आणि २००२चा पुरस्कार तिलाच मिळाला.

या कथेत घटना म्हणाव्यात अशा फारशा नाहीत. बरीच वर्षं बाहेर काढलेला तरुण घरी परततो आणि हिंडतो. शेवटी घरचे सगळे युगांडाच्या नैर्ऋत्य टोकाला, किसोरोला जमतात. आजी-आजोबांच्या लग्नाला साठ वर्षं झालेली असतात. राजकारणानं देशोदेशी पांगवलेली मुलंनातवंडं एका घरात येतात, आणि भाषा वेगवेगळ्या असल्या तरी गप्पा अडत नाहीत. आफ्रिका म्हटलं की दुष्काळ आणि बंदुका पाहायची सवय लागलेल्या वाचकाला इथे एक गजबजलेलं घर भेटतं. त्या सवयीवर त्यानं पुढे ‘हाउ टु राइट अबाउट आफ्रिका’ हा जहाल उपरोधिक लेखही लिहिला. तो जगभर गाजला. मला मात्र त्याची ही कथा अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात राग नाही, माया आहे.

पुरस्कारानंतर लंडन-न्यूयॉर्कची दारं उघडलेली असताना तो नैरोबीला आला. पत्रकार अली झैदी यांच्या बागेत लेखकमंडळी जमत, वाद घालत. त्या बैठकांतून आणि पुरस्काराच्या बळावर २००३ साली ‘क्वानी?’ हे नियतकालिक उभं राहिलं. त्यात कथांशेजारी व्यंगचित्रं होती, छायाचित्रं होती आणि नैरोबीच्या रस्त्यावरच्या शेंग बोलीतलं लेखनही होतं. त्याच वर्षीचा केन पुरस्कार इव्होन अधियाम्बो ओवोरच्या ‘वेट ऑफ व्हिस्पर्स’ला मिळाला. रवांडाच्या वंशसंहारानंतर नैरोबीत निर्वासित म्हणून आलेल्या एका खानदानी माणसाची ही कथा ‘क्वानी?’नंच छापलेली होती. पुढे २००७च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, तेव्हा लोकांचे जबाब याच नियतकालिकानं जोडअंकात नोंदवले.

२०१४च्या जानेवारीत, नायजेरियात समलिंगी माणसांविरुद्धचा कठोर कायदा नुकताच आला असताना, त्यानं आपलं समलिंगी असणं जाहीर केलं, तेही आईला उद्देशून. आई २०००मध्येच गेली होती आणि तिच्या अखेरच्या क्षणी तो पोहोचू शकला नव्हता. म्हणून तो न झालेला संवाद त्यानं कल्पनेनं लिहिला. आपल्या आत्मचरित्रातून राहून गेलेलं हे प्रकरण, असं तो म्हणाला. केनियात समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा असताना हे धैर्य दाखवणाऱ्या या लेखकाचं २०१९च्या मे महिन्यात, ४८व्या वर्षी नैरोबीत निधन झालं.

आपल्याकडे ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२मध्ये बंद झालं. त्यानंतर कथेचा मोठा भार दिवाळी अंकांनी वाहिला, त्यांचे उपकार आहेतच. पण नवा लेखक कार्तिकात छापून येतो आणि पुढच्या कार्तिकापर्यंत त्याला ना संपादक भेटतो ना वाचक. इतक्या अंतरानं हात तयार होत नाही. आपण पुरस्कार पुष्कळ देतो, शाली पुष्कळ घालतो. माझी विनंती एवढीच, की या संमेलनाच्या पुरस्कारनिधीतला निम्मा वाटा दरवर्षी कथेला वाहिलेल्या एखाद्या लहान नियतकालिकाला द्यावा. समारोपाच्या सत्रात मी तसा ठराव मांडणार आहे. अनुमोदनासाठी आपली नावं आजच कार्यवाहांकडे द्यावीत.