विहाराच्या ओट्यावरचे बोलणे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला सम्यक वाचा या विषयावर बोला, असे सांगण्यात आले. आम्ही काही पाली शिकलेले पंडित नाही. शाळा सुटली, मग जिनिंगमध्ये कपाशीच्या गंजीवर हंगामामागून हंगाम गेले. जे वाचलं ते रात्री, अंगावरचा कापूस झटकून वाचलं. म्हणून हा मोठा विषय आम्ही थोडा खाली, आपल्या ओट्यावर उतरवून घेतला आहे. वंदना झाल्यावर आपण विहाराच्या ओट्यावर बसून जे बोलतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

कारण असं, की समितीपुढे एक सूचना आली आहे. वंदना संपली की लोकांनी सरळ घरी जावं, ओट्यावर बैठक जमवू नये. का? तर ओट्यावर गप्पा होतात, गप्पांतून भांडण होतं, आणि या सालात दोन घरची माणसं विहारात यायची बंद झाली. ही गोष्ट खरी आहे. पण या सूचनेला आमचा विरोध आहे. तो का, हे सांगायला थोडा वेळ घेतो.

सूचना देणाऱ्यांनी ग्रंथाचा आधार दिला आहे, तो चुकीचा नाही. दीघनिकायात भगवंतांनी भिक्खूंसाठी हलक्या गप्पांची यादी दिली आहे. राजाच्या गप्पा, चोराच्या गप्पा, सैन्याच्या, खाण्यापिण्याच्या, कपड्याच्या, गावांच्या, गल्लीतल्या गप्पा. त्यात एक शब्द आहे, कुंभट्ठानकथा. म्हणजे घागरी भरायच्या जागेवरच्या, पाणवठ्यावरच्या गप्पा. भिक्खूने यात वेळ घालवू नये, असं सांगितलं. बरोबरच आहे, त्याने घर सोडलेलं आहे.

पण आपण घर सोडलेलं नाही. आणि बंधूंनो, पाणवठ्यावर गप्पा मारायला आधी पाणवठा तर पाहिजे! आपल्या बापजाद्यांना गावच्या विहिरीवर घागर टेकवता येत नव्हती. माय-माउल्या दूर उभ्या राहून कोणी वरून पाणी टाकेल याची वाट पाहायच्या. तिथे कसल्या गप्पा? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. आपण त्याला पाण्याचा सत्याग्रह म्हणतो. पण जिथे पाणी भरता येतं तिथे उभं राहून चार गोष्टी बोलताही येतात. बरोबरीने उभं राहून, "काय गा, पाऊस कसा तुमच्याकडं?" एवढं विचारणं, हेसुद्धा आपल्याला फुकट मिळालेलं नाही.

पूर्वी आपल्या माणसाचं गावाशी बोलणं किती होतं? वरून हुकूम यायचा, खालून "जी" जायचं, आणि वाटेत कोणी भेटलं तर वाकून जोहार. जोहार हा शब्द वाईट नाही. आपले गोंड बांधव एकमेकांना जोहार घालतात, तो मानाचा आहे. वाईट होतं ते हे, की एकानेच घालायचा आणि दुसऱ्याने मान हलवायची. कामठीच्या बाबू हरदासांनी आपल्याला 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द दिला. विडी कामगारांत काम केलेला माणूस, १९०४ चा जन्म, १९३७ च्या निवडणुकीत कायदेमंडळात निवडून गेला आणि १९३९ मध्ये वयाच्या पस्तिशीत वारला. त्यांनी दिलेल्या या शब्दाची खुबी पाहा. जय भीम म्हटलं की उत्तरही जय भीमच येतं. लहान कोण, मोठा कोण, आधी कोणी म्हणायचं, याचा काही नियमच नाही. पोरगा म्हाताऱ्याला म्हणतो, म्हातारा पोराला म्हणतो. आपल्या सगळ्या शिष्टाचाराची सुरुवात इथून आहे. आणि आपल्या भागात आम्ही पुढचंही म्हणतो, समोरचा जय सेवा म्हणाला तर आपणही जय सेवा म्हणावं. तो आपल्याला जय भीम म्हणतोच ना?

आता हाक मारण्याबद्दल. जिनिंगमध्ये रोलरचा आवाज एवढा असतो, की ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही. त्यामुळे आम्हा लोकांचा गळा मोठा झाला, तो घरी येऊनही लहान होत नाही. घरच्यांची तक्रार आहे, ती मान्य. पण ओरडणं वेगळं आणि तोडून बोलणं वेगळं. एका जिनिंगमध्ये (नाव घेत नाही) हजेरी घेताना पंढऱ्या, किसन्या, गंगी अशीच नावं पुकारायचे. हिशोब लिहिणारा मात्र दिवाणजी. आम्ही काही जणांनी मिळून मागणी केली, की हजेरी बुकात प्रत्येकाचं बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहा आणि तेच वाचा. सोबत मजुरीची मागणीही होती. मजुरीची मागणी तेव्हा बाजूला ठेवली, नावाची लगेच मान्य केली. कारण तिला पैसे लागत नव्हते! पण आम्हाला एक अनुभव आला. पूर्ण नाव घेऊन माणसाला शिवी देणं जड जातं. जीभ अडखळते. पुढच्या हंगामात मजुरीचं बोलणं झालं तेव्हा समोरच्याने पहिल्यांदा आम्हाला "बसा" म्हटलं.

हे बुद्धांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. भिक्खूंच्या नियमांत, पाचित्तिय म्हणून जे नियम आहेत, त्यांत दुसराच नियम आहे ओमसवादाचा. म्हणजे दुसऱ्याला खाली पाडणारं, टोचून बोलणं. ते कशा-कशावरून होतं तेही मोजून सांगितलं आहे. जन्मावरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, कसबावरून, आजारावरून, शरीराच्या ठेवणीवरून, आणखीही आहेत. पहिलं जन्मावरून! आपल्या देशात जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा कायद्याने गुन्हा ठरला तो अगदी अलीकडे. भिक्खुसंघात तो दोष तेव्हाच ठरला होता.

या नियमाच्या वेळी भगवंतांनी एक गोष्ट सांगितली, ती जातकातही आहे. तक्षशिलेला नंदिविशाल नावाचा बैल होता. त्याच्या मालकाने हजाराची पैज लावली, की माझा बैल शंभर गाड्या एकामागे एक बांधून ओढील. बैलाला जुंपलं आणि मालक ओरडला, "ओढ रे लबाडा!" बैल खांबासारखा उभा राहिला. मालक पैज हरला, घरी येऊन तोंड झाकून पडला. बैल म्हणाला, मी तुझ्या घरात कधी भांडं तरी फोडलं का? मग मला लबाड का म्हणालास? आता दोन हजारांची पैज लाव, पण तसं म्हणू नको. दुसऱ्या वेळी मालक नीट बोलला आणि बैलाने शंभर गाड्या ओढल्या. आपण शेतकरी, शेतमजूर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. बैलाला आवतण, आणि माणसाला "ए"?

हे बाहेरच्यांबद्दल बोललो तेव्हा टाळ्या पडल्या. आता आतलं बोलतो. लग्नपत्रिकेवर आपण छापतो आयुष्मान अमुक, आयुष्मती तमुक. हा शब्द थेट बुद्धांच्या संघातला आहे. महापरिनिब्बाण सुत्तात शेवटच्या दिवसांत भगवंतांनी एकमेकांना हाक कशी मारायची हेसुद्धा सांगून ठेवलं. थोरल्याने धाकट्याला नावाने किंवा आवुसो म्हणावं, धाकट्याने थोरल्याला भंते किंवा आयस्मा म्हणावं. तोच आपला आयुष्मान. तर पत्रिकेवर आयुष्मान, आणि ओट्यावर? लंगड्या, काण्या, बहिऱ्या, चकण्या. मेहनतीत पाय गेला, त्याला आयुष्यभर पायाचंच नाव. ओमसवादाच्या यादीत आजार आणि शरीर का घातलं, हे ओट्यावर बसलं की समजतं.

आणखी कडू बोलतो, राग मानू नका. या तालुक्यात कोलाम बांधवांचे पोड आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन आदिम जमाती धरल्या जातात, त्यांत कातकरी, माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. ते स्वतःला कोलावर म्हणतात, त्यांची स्वतःची भाषा आहे. कापूस वेचायला, निंदायला ते आपल्यासोबत असतात. आपल्यातला एखादा, दोन एकर ओलिताचा मालक झाला की, म्हाताऱ्या कोलाम माणसाला "ए कोलाम्या, इकडं ये" म्हणतो. त्यांची बोली ऐकून पोरं हसतात. ज्या शब्दाने आपल्या आजोबाला हाक मारायचे तो शब्द आपण कोर्टात नेला आणि तसाच दुसरा घडवून त्यांच्या हातात द्यायचा? २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलता येते. तोंडातलं नाव सरकार बदलून देणार नाही. पैनगंगेपलीकडचे तेलुगू लोक नावापुढे गारू लावतात, आपल्याकडे जी लावतात, भाऊ लावतात. लावायला काय लागतं?

कोणी म्हणेल, मग काय आता ओट्यावर अहो-जाहो करत बसायचं? नाही बाप्पा. आपली वऱ्हाडी बोली आहे. आपण मायला 'तू' म्हणतो, तो अनादर थोडाच आहे? मित्र मित्राला "काय बे" म्हणतो त्यात जीव असतो. तोच 'बे' मजुराला लावला की त्याला वास येतो. कोणता कुठला, हे ऐकणाऱ्याला बरोबर समजतं, आणि ते ठरवायचा अधिकार ऐकणाऱ्याचाच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सम्यक वाचेबद्दल जे लिहिलं त्यातला एक मुद्दा लोक वाचून पुढे जातात. नीट बोलणं हे भीतीपोटी किंवा फायद्यापोटी असू नये, वरचा काय म्हणेल याच्याशी त्याचा संबंध नको. जुनी अदब आणि आपला शिष्टाचार यांतला फरक हाच आहे. साहेबापुढे मऊ आणि घरात बायकोवर गरम, ही सम्यक वाचा नव्हे, ती नोकरी आहे.

बायकांवरून आठवलं. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होतं, ते बहुतेक आपल्या भगिनीच करतात. वाचता-वाचता एखादी प्रश्न विचारते, तर मागून पुरुषमंडळींतून आवाज येतो, "वाचा पुढं." का पुढं? प्रश्नासाठीच तर वाचायचं. बोअरिंगजवळ त्या बोलतात त्याला आपण चुगल्या म्हणतो आणि ओट्यावर आपण बोलतो त्याला चर्चा!

चुगलीचं म्हणाल तर मोठ्या-मोठ्यांना ती चुकली नाही. कोसंबीची गोष्ट सांगतो, कारण आपलं भांडण हुबेहूब तेच आहे. कोसंबीला दोन विद्वान भिक्खू होते, एक विनयाचा जाणकार, दुसरा धम्म सांगणारा. धम्म सांगणाऱ्याने शौचाच्या जागी भांड्यात थोडं पाणी शिल्लक ठेवलं. दुसऱ्याने विचारलं, हा दोष आहे, ठाऊक नव्हतं का? तो म्हणाला, नव्हतं, दोष असेल तर कबूल करतो. हा म्हणाला, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. संपलं! पण विनयवाल्याने जाऊन आपल्या शिष्यांना सांगितलं, की त्याला दोष झालेला कळत नाही. शिष्यांनी त्या शिष्यांना सांगितलं. त्यांनी गुरूला सांगितलं. गुरू म्हणाले, तेव्हा दोष नाही म्हणाला, आता आहे म्हणतो, म्हणजे खोटं बोलतो. झालं, सगळा संघ दुभंगला. ओंजळभर पाण्यावरून! स्वतः भगवंतांनी समजावलं तरी ऐकेनात, तेव्हा ते पारिलेय्यकच्या वनात निघून गेले. मग कोसंबीच्या गृहस्थ उपासकांनी काय केलं? त्यांनी त्या भिक्खूंना नमस्कार करणं बंद केलं, भिक्षा घालणं बंद केलं. तेव्हा भिक्खू श्रावस्तीला जाऊन शरण आले आणि भांडण मिटलं. तुम्हा-आम्हासारख्या साध्या माणसांनी ते मिटवलं.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. दोघे समोरासमोर बोलले तोवर भांडण नव्हतंच. पाठीमागे बोलणं सुरू झालं आणि पेटलं. आपल्याकडे वर्गणीच्या एका पावतीवरून झालं. पावती दुसऱ्या दिवशी सापडली, हिशोब जुळला. पण ओट्यावर कोणी म्हणालं, "याला हिशोबच येत नाही," ते भाच्याने ऐकलं, घरी सांगितलं. दोन घरं तुटली. आता ओटाच बंद केला तर हे बोलणं थांबेल का? ते पानठेल्यावर जाईल, घराघरात जाईल, तिथे उत्तर द्यायला समोरचा माणूस नसेल. ओट्यावर निदान तो समोर असतो.

भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला लोक जोडून ठेवण्याचे चार उपाय सांगितले. दान, प्रिय बोलणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं आणि समानतेने वागणं. हे गृहस्थाला सांगितलं आहे. लोक एकत्र बसलेच नाहीत तर प्रिय कोणाशी बोलायचं?

तेव्हा सूचना पौर्णिमेच्या बैठकीत येईल, तेव्हा आमचं मत विरोधात नोंदवावं. ओट्यावरचा बल्ब दोन महिन्यांपासून गेलेला आहे, तो लावून द्यावा. अंधारात कोण बोललं ते कळत नाही. आणि जी दोन घरं येत नाहीत त्यांच्याकडे आम्ही उद्या संध्याकाळी जाणार आहोत. ज्यांना सोबत यायचं त्यांनी सहा वाजता इथेच जमावं. भोजनदानाची वेळ झाली आहे, भंतेजी थांबले आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.