मुरगळलेला घोटा आणि रबराची पट्टी



मराठीचा प्राध्यापक आज घोट्यावर बोलतो आहे, याचे आपणांस नवल वाटेल. इथेच, हिंडलग्याच्या मातीत, कबड्डी खेळताना माझा उजवा घोटा मुरगळला. हळदीचा लेप लावून चौथ्या दिवशी मी पुन्हा मैदानात उतरलो. पुढे सपाट रस्त्यावरही तो पाय दगा देऊ लागला.

याची मीमांसा इंग्लंडमधील फ्रीमन या शल्यचिकित्सकाने १९६५ साली केली. घोट्याचे अस्थिबंध हाडे बांधून ठेवतात, तसेच पाऊल कसे वळले आहे याची वार्ता मेंदूकडे धाडतात. इजेने बंध ताणला जातो आणि ही वार्ताही अडखळते.

अलीकडे खेळाडू घोट्यावर रबराची रुंद पट्टी आवळून गुंडाळतात, दोनएक मिनिटे पाऊल हलवतात आणि पट्टी सोडतात. त्याने घोटा काही काळ मोकळा होतो, हे खरे. परंतु जुन्या डळमळत्या घोट्याला कायमचे स्थैर्य लाभते, असा भक्कम पुरावा नाही. बोटे बधिर वा निळी पडल्यास पट्टी तत्काळ सोडावी. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायास ती लावूच नये.

खरा उपयोग तोलाच्या सरावाचा. एका पायावर उभे राहायचे. आधी भिंतीच्या आधाराने, मग निराधार, पुढे डोळे मिटून, आणि तेही आठवडेच्या आठवडे. मला हे साठीनंतर कळले! क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, सूज उतरली म्हणून मुलाला खेळवू नका. दुखऱ्या पायावर त्याचा तोल राहतो का, ते आधी पाहा. सामना अटीतटीचा असला तरी.