शाळेत गप्प, घरी टकळी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा एकच तक्रार घेऊन : 'पहिलीत आहे, पण तोंड उघडत नाही.' मी आईला विचारते, घरी भावंडांत कसा बोलतो? तिथे टकळी चालूच असेल, तर दोष मुलात नाही. घरची भाषा वारली, शाळेची प्रमाण मराठी, एवढंच.

भाषाविकासाचा खरा दोष घरीदारी, दोन्ही भाषांत दिसतो. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका पाहणीत चार-पाच वर्षांच्या शंभरांतल्या सात-आठ मुलांत तो दुसरं कारण नसताना आढळला. पाड्यांवरही अशी मुलं असणारच. 'वारली आहे, म्हणून गप्प' म्हणत आपण नेमकं त्यांनाच सोडून देतो.

हल्ली यासाठी मुलांकडून निरर्थक शब्द म्हणवून घेतात. शब्दसंग्रह तोकडा असला तरी मूल ते म्हणतं. दोष असेल तर लांब शब्दाला अडखळतं. मात्र हे शब्द वारलीच्या ध्वनींतून घडवलेले हवेत, मराठीतले उसने नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुलं गुरं राखतात तिथेच कुरणशाळा नेली होती. चाचणीही तशीच पाड्यावर, आजीसमोर घ्यावी. अर्थात त्याआधी कान तपासायचे. कान वाहत असेल तर पहिलं औषध त्याचं.