पिवळी भिंत

भिलाई हे कारखान्याच्या सावलीत वाढलेले नगर. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या या मुलखात क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. त्यांत मराठी माणसेही होती. घर मिळाले ते क्वार्टर म्हणून. शेजाऱ्यासारखेच दार, शेजाऱ्यासारखीच खिडकी, आणि नोकरी संपली की सोडून जावयाचे. अशा घराला आपले म्हणावे कसे? बाहेरचे रूप सर्वांचे सारखे. आतली भिंत मात्र आपल्या स्वाधीन असते.

मराठी मनाला पिवळ्या रंगाचे अगत्य फार. हळद लागल्यावाचून लग्न होत नाही. जेजुरीचा भंडाराही पिवळाच. तेव्हा परमुलखातील मराठी गृहिणीने बैठकीच्या खोलीला पिवळा रंग निवडला, तर त्यात नवल नाही. भोवतालच्या छत्तीसगडी खेड्यांतील बायकाही पांढऱ्या व पिवळ्या छुही मातीने भिंती पोतारतात. नवल आहे ते निराळेच. चुन्यात कालवून भिंतीला देण्याची आपली जुनी पिवडी ही एक माती आहे, आणि तिचा पिवळेपणा लोखंडाचा आहे. लोहाशी पाण्याचा अंश बांधला गेला की हा रंग येतो. तीच माती तापविली की पाणी निघून जाते आणि ती गेरूसारखी लाल होते. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांकडे जे तांबूस खनिज येत राहिले, त्याचीच ही शांत बहीण. गृहस्थ पाळीवर ज्या लोहाशी झुंजतो, तेच घरी भिंतीवर कोवळे ऊन होऊन त्याची वाट पाहते.

परंतु रंग निवडताना विवेक हवा. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या खोलीत गडद पिवळा डोळ्यांना जाचतो. उत्तरेकडच्या खोलीत तोच ऊब आणतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपली झाक टाकतात, म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी आणि छत पांढरे ठेवावे. आधी हातभर जागा रंगवून ती सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावी. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो. वाळल्यावरच त्याची परीक्षा करावी.

आणखी एक सावधगिरी. जुन्या तैलरंगांतील झगझगीत पिवळेपणा पुष्कळदा शिशाच्या क्षारातून आलेला असे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. २०१६ च्या नियमांनी भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविली. परंतु भिंतीवरचे जुने थर कायद्याने आपोआप उतरत नाहीत. तेव्हा असा रंग कोरडा खरवडू नये. पृष्ठभाग ओला करून, मुलांना दूर ठेवून तो काढावा आणि खाली पडलेले कपचे ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत.

क्वार्टर सोडण्याचा दिवस पुष्कळांच्या वाट्याला येतो. भांडीकुंडी बांधून नेता येतात. भिंत नेता येत नाही. नवे बिऱ्हाड येते आणि तिच्यावर आपल्या आवडीचा हात फिरविते. तरीही त्या भिंतीपाशी बसून ज्या मुलांनी पाढे पाठ केले, त्यांना पुढे कोठेही घर म्हटले की तोच पिवळा उजेड आठवतो. घर कारखान्याचे असले, तरी तो उजेड त्यांचा असतो.