पेरूच्या मुळांवरच्या गाठी आणि अंडी खाणारी बुरशी



वसमत, कळमनुरीकडे हळदीच्या रानात पेरू लावला, झाडं दोन वर्षं जोमात वाढली आणि मग पानं तांबूस पडून शेंडे वाळू लागले, की आपण खत वाढवतो, बुरशीनाशक ओततो. त्याआधी ठिबकच्या ओलीतली बारीक मुळी उकरून काढा नि धुऊन गाठी आहेत का पाहा. असतील तर दोष सूत्रकृमीचा, म्हणजे मुळीत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याचा. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं अलगद निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मुळी फुगलेली. ती काढायला गेलं तर मुळी तुटते. हळदीलाही गाठी करणारी सूत्रकृमी लागते, म्हणून बेवड बघा. मोसंबीत मात्र गाठी शोधू नका. तिथली सूत्रकृमी वेगळी. मुळी कितीही धुतली तरी माती चिकटून राहते, ही तिची खूण.

गाठीतली एकेक मादी चिकट पुंजक्यात 200 ते 500 अंडी घालते. उबदार, ओल्या जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार. पॅसिलोमायसिस लिलॅसिनस ही मित्रबुरशी नेमकी या अंड्यांवर वाढते. तिचे धागे कवच भेदून आत शिरतात आणि आतलं पिल्लू संपवतात. काही बुरशा धाग्यांचे फास करून फिरती सूत्रकृमीही पकडतात, पण आपल्या बागेसाठी मी अंडी खाणारीच सुचवेन. ती शेणखतासोबत देता येते.

एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात पॅसिलोमायसिस 2 किलो आणि ट्रायकोडर्मा 2 किलो मिसळा. ढीग सावलीत, पोत्यानं झाकून, 15 ते 20 दिवस ओलसर ठेवा. बहार धरताना झाडाला दोन-तीन किलो, खोडाशी नाही, मुळ्यांच्या घेरात मातीआड करून द्या. पाकिटावरची मुदत बघा. त्या दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी केलीत तर ही बुरशीच मरेल. जुन्या गाठी यानं जात नाहीत; नव्या मुळ्या वाचतात. म्हणून दर बहाराला द्यावं लागतं.

बागेत वांगी, टोमॅटो, भेंडीचं आंतरपीक नको, झेंडू लावा. नवी रोपं घेताना एक-दोन पिशव्या फाडून मुळ्या दाखवायला सांगा आणि गाठ दिसली तर ती रोपं आणूच नका. शंका असेल तर मुळ्या नि ओली माती पिशवीत बांधून, ऊन लागू न देता, तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.