उत्पन्न : निरंक

(तालुक्याच्या गावी बुद्धविहारात भरलेल्या कुटुंब मेळाव्यात एका वकिलांनी केलेले भाषण)



स्त्रियांच्या हक्कांविषयी कायदा काय म्हणतो ते सांगावे, अशी मेळाव्याच्या चालकांनी मला आज्ञा केली आहे. कायदा मी सांगेनच. परंतु त्याआधी माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

वकिली सुरू करून मला दोन वर्षेही झाली नव्हती. एका मजुराची पत्नी ट्रकखाली सापडून मरण पावली. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन ती रस्ता ओलांडीत होती. नुकसानभरपाईच्या दाव्याचा अर्ज मी लिहिला. ‘मयताचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘घरकाम’ असे लिहिले आणि ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात ‘निरंक’. विमा कंपनीच्या वकिलांनी माझाच कागद न्यायाधीशांपुढे धरला व विचारले, “अर्जदार स्वतःच उत्पन्न नव्हते म्हणतात, मग नुकसान कशाचे झाले?” त्या बाईच्या मागे तीन मुले होती आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती. ती गेल्यापासून आठ दिवसांच्या आत थोरल्या मुलीची शाळा सुटली, कारण चूल पेटवावयास घरात दुसरे कोणी उरले नव्हते. नुकसान कशाचे झाले याचे उत्तर ती मुलगी देऊ शकली असती. तिला साक्षीदार म्हणून बोलवावे हे मला सुचले नाही.

माझ्या अज्ञानाला कायद्याचाही आधार होता, हे सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याला 1994 मध्ये जे परिशिष्ट जोडले गेले, त्यात न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न हे कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरावे, असे लिहिले होते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. अधिकाऱ्याच्या पत्नीने भाजलेली भाकरी महाग आणि मजुराच्या पत्नीने भाजलेली तीच भाकरी स्वस्त! माझ्या अशिलाचा दावा त्याच एकतृतीयांशावर निघाला. 2001 च्या जनगणनेने तर घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना काम न करणाऱ्यांच्या अशा वर्गात टाकले, ज्यात भिकारी आणि कैदीही होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका अपघाताच्या दाव्यात या वर्गवारीवर कडक शब्दांत टीका केली.

पुढे 2019 मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात, याची ती मोजणी होती. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे त्यात आढळले. यातील पुरुषांचा आकडा ऐकून कोणी समाधान मानू नये. तो केवळ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे, आणि असे पुरुष चारांपैकी एकच होते. 2021 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच आकडे आपल्या निकालपत्रात घेतले. दिल्लीतील अपघातात पती-पत्नी दोघेही मृत्यू पावले होते. गृहिणीच्या श्रमाचे मूल्य धरलेच पाहिजे असे त्या निकालात सांगितले गेले आणि कुटुंबाची भरपाई 33 लाख 20 हजार रुपये ठरविण्यात आली. कोणीतरी मिनिटे मोजली होती, म्हणून न्यायमूर्तींना ती लिहिता आली. मोजलेली गोष्टच न्यायालयात उभी राहू शकते, एवढे मी त्या निकालावरून शिकलो.

हीच पाहणी 2024 मध्ये पुन्हा झाली. स्त्रियांची 289 मिनिटे, पुरुषांची 88. पहिल्या खेपेचे अंतर 202 मिनिटांचे होते, दुसऱ्या खेपेचे 201. पाच वर्षांत एका मिनिटाची प्रगती!

आता दवाखान्याकडे वळू. ज्या संशोधनाने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे आपण ज्याला ‘एम्स’ म्हणतो त्या रुग्णालयातील आहे. 2016 या वर्षी तेथील बाह्यरुग्ण विभागात आलेल्या लोकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. प्रसूती व स्त्रीरोग विभाग वगळून सुमारे 23 लाख 77 हजार भेटींची ही नोंद होती. 2019 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. एकंदरीत एका स्त्रीमागे 1.69 पुरुष, असे प्रमाण निघाले. कोणी म्हणेल, पुरुष अधिक आजारी पडत असतील. संशोधकांनी त्यापुढे जाऊन रुग्ण कोणत्या राज्यातून आला हे पाहिले. दिल्लीतून येणाऱ्यांत एका स्त्रीमागे 1.41 पुरुष होते, हरियाणातून 1.70, उत्तर प्रदेशातून 1.98 आणि बिहारमधून 2.37.

मी वकील आहे; परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी जोडावयाची हे आम्हांला शिकवितात. रोगाला राज्याची सीमा कळत नाही. दिल्लीपासून जितके दूर जावे तितक्या स्त्रिया निरोगी होत जातात, असे कोणता वैद्य म्हणेल? उपचाराचा खर्च त्या रुग्णालयात नाममात्र आहे, तेव्हा तेही कारण पुरेसे नाही. उरते ते एवढेच, की गाव दूर असले म्हणजे रेल्वेचे भाडे, बुडणारी मजुरी, सोबत जाणारा माणूस आणि राहण्याची सोय हे सारे करावे लागते. आणि हे सारे कोणासाठी करावयाचे, याचा निर्णय घरात होतो. विरुद्ध पक्षाची एक हरकत मात्र वजनदार आहे, ती सांगितली पाहिजे. बिहारचे पुष्कळ पुरुष मजुरीसाठी दिल्लीकडे राहतात. ते तेथेच दाखवून घेत असतील, म्हणून त्यांची संख्या फुगली असेल. ही हरकत मी मान्य केली असती. परंतु अठरा वर्षांच्या आतील रुग्णांतही मुलांच्या मानाने मुली फारच थोड्या आढळल्या, आणि लेकरे काही मजुरीसाठी दिल्लीला जात नाहीत. साठीच्या पुढच्या स्त्रियांचीही अशीच तूट आढळली. संशोधकांच्या हिशेबाने या चार राज्यांतील स्त्रियांच्या 4,02,722 भेटी त्या एका रुग्णालयात त्या एका वर्षी व्हावयास हव्या होत्या, त्या झाल्याच नाहीत.

या चार लाख भेटी कोणी अडविल्या? दारात कोणी शिपाई उभा नव्हता. “आमच्या घरात मुलगा-मुलगी असा भेद नाही” असे त्या घरांतील बहुतेक माणसे शपथेवर सांगतील, आणि मला वाटते, ती खोटेही बोलत नसतील. “बरी होईल दोन दिवसांनी,” एवढेच कोणी तरी म्हणाले असेल. पुष्कळदा ते तीच म्हणाली असेल.

ज्या बिहारचा आकडा दवाखान्यात सर्वांत वाईट निघाला, त्याच बिहारची एक दुसरी गोष्ट याच अंतराविषयी आहे, आणि ती आनंदाची आहे. 2006 मध्ये तेथील सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी 2000 रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेची परीक्षा केली. बिहारच्या मुलींची तुलना बिहारच्या मुलांशी आणि शेजारच्या झारखंडातील मुला-मुलींशी केली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींतील तफावत 40 टक्क्यांनी कमी झाली. ही वाढ मुख्यतः माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसली. मुलींना शिकण्याची हौस नाही, आईबापांना मुलगी शिकविणे पसंत नाही, असे जे वर्षानुवर्षे म्हटले जात होते, त्यातील केवढा तरी भाग दोन चाकांनी खोटा ठरविला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांत आपले पुष्कळ नातलग आहेत, म्हणून हे जरा सविस्तर बोलतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. एक दिवस काम चुकले तर खाडा धरला जातो व तो पैसा हिशेबातून वळता होतो. पाळीच्या दिवसांत पोट दुखले तरी खाडा, गरोदरपणात भोवळ आली तरी खाडा. उसाच्या फडात ना न्हाणी, ना संडास. पाणीही मैलभर दूर. पोटाचे दुखणे घेऊन बाई खाजगी डॉक्टरकडे गेली की पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. शेकडा सुमारे सतरा! 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा 3.2 होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट अगदी सारखे नसतील, तेव्हा तुलना काटेकोर मानू नये. परंतु वयाच्या फरकाने एवढी दरी भरून निघावी, असे मला वाटत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या ठिकाणी मला जे दिसते ते असे. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 मध्ये झाला. आज ती तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे. पण पुरुषाला इतके व स्त्रीला तितके, असे दाखविल्याशिवाय तो कायदा लावावयाचा कसा? कोयत्याच्या हिशेबवहीत बाईचे नावच नसते. तिला कमी वेतन मिळते असे सिद्ध करावयास आधी तिला वेतन मिळते असे दाखवावे लागेल. माझ्या अर्जातला ‘निरंक’ तो हाच! प्रसूतीच्या रजेचेही तसेच आहे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले होते. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रियांना कामावर ठेवून ज्याचा फायदा होतो त्या मालकानेही त्यातला वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे 1961 मध्ये देशासाठी झाला, 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली, आणि त्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. मात्र कोयत्यातल्या बाईचा मालक कोण, हेच वादग्रस्त! कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम नवऱ्याकडे. म्हणून कोयता मोडून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी ज्याची त्याच्या खात्यात जमा व्हावी, ही मागणी प्रथम केली पाहिजे, असे माझे मत आहे. ज्यांचे नातलग यंदा फडावर जातील, त्यांनी करार होताना एवढे तरी विचारावे, की यात माझ्या सुनेचे नाव कोठे आहे?

सभेत असे बोलणारा माणूस घरी काय करतो, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. माझी थोरली बहीण सातवीनंतर घरी बसली. हायस्कूल पाच मैलांवर होते. दोन वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा वडिलांनी मला वसतिगृहात ठेवले. वडील कठोर नव्हते. ताईवर त्यांची माया माझ्याहून काकणभर अधिकच होती. ताई का गेली नाही, हा प्रश्न त्या वेळी आमच्या घरात कोणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही.

या भाषणाची टिपणे काढताना मागच्या रविवारी मी कपाटातले घरचे दवाखान्याचे कागद खाली काढले आणि एम्सच्या संशोधकांप्रमाणे मोजावयास बसलो. वडिलांची फाईल दोरीने बांधावी लागते इतकी जाड आहे. मुंबईच्या तीन खेपा, दोन वेळा छातीचा आलेख, रक्ताचे अहवाल. माझी त्याहून बारीक. आईच्या नावाचे दोनच कागद निघाले. एक 2011 सालचा, गावच्या आरोग्य केंद्राचा; दुसरा चष्म्याच्या नंबराचा. तिचे गुडघे किती वर्षांपासून दुखतात हे मी तिला विचारले. ती म्हणाली, “तुला कशाला पाहिजे ते? तू भाषण लिही.” येत्या गुरुवारी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावयाचे ठरले आहे. ताईही सोबत येणार आहे. तिचा कागद तर एकही सापडला नाही.